आबांना 'हिम' म्हणायचं नाही

इंग्रजी शिकवण्यात माझी उभी हयात गेली. लोणावळ्याच्या एका शाळेत मी पाचवीपासून दहावीपर्यंतची पोरं हाताळली, आणि एक गोष्ट मला त्यांना शेवटपर्यंत शिकवता आली नाही. टू, फॉर, विथ, फ्रॉम, बिटवीन असल्या चिमुकल्या शब्दांनंतर आय, ही, शी, दे येत नाहीत; तिथे मी, हिम, हर, देम येतात. एवढंच. यात कसलं ब्रह्मज्ञान आहे? पण नाही. फळ्यावर लिहा, पुसा, पुन्हा लिहा, पोरं मान डोलावणार आणि पेपरात 'गिव्ह इट टू ही' लिहून येणार. तीच पोरं आता बँकेत नाहीतर कंपनीत चिकटली आहेत. लग्नाला आग्रहाने बोलावतात आणि वर मेसेज करतात, 'इट विल मीन अ लॉट टू माय वाइफ अँड आय.' मी जाते, जेवते, आहेर देते आणि घरी येऊन चिडते.

निवृत्त झाले तेव्हा ठरवलं होतं की आता हे पुरे. कुणी काही बोलो, आपण खिडकीबाहेर बघायचं. तेवढ्यात माझी भावजय मागे लागली.

तिकोणा पेठ हे माझं माहेर. किल्ल्याच्या पायथ्याशी घर, मागच्या अंगणातून पवनेचं धरण दिसतं. घरात आबा, म्हणजे माझे वडील, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. भाऊ परंदवडीकडच्या एका कारखान्यात आहे. शिफ्टवरून आला की झोपतो आणि उठला की शिफ्टला जातो. घर चालवते ती भावजय. किल्ला चढायला येणाऱ्यांसाठी तिने आधी जेवण सुरू केलं, मग मागे दोन खोल्या बांधून घेतल्या, आणि शनिवार-रविवारी त्या रिकाम्या राहीनाशा झाल्या. पिठलं ती करते, कोंबडी ती करते, गाद्या ती झटकते, संडास ती धुते. पण तिचा स्वतःचा फोन माहेरच्यांशी बोलण्यापुरता; रस्त्यावरच्या पाटीवर नंबर आबांचा आणि तो फोन आबांच्या खिशात.

आबांचं सगळं इंग्रजी म्हणजे एक 'येस'. पलीकडचा काहीही विचारो, आबा येस म्हणणार. खोल्यांत सोय सहा माणसांची, पण एकदा चेन्नईकडची डझनभर मंडळी दोन गाड्या भरून दारात उतरली, कारण आबांनी येस म्हटलं होतं. वर ती निघाली कांदा-लसूणसुद्धा न खाणारी, आणि इकडे चुलीवर कोंबडीचा रस्सा रटरटत होता. त्यांनी म्हणे तेही आधी विचारलं होतं. आबांनी त्यालाही येस म्हटलं होतं. भावजयीने रस्सा शेजारीपाजारी वाटून टाकला, भांडी घासली आणि सगळा स्वयंपाक पुन्हा केला. आबा तोवर ओट्यावर पाहुण्यांबरोबर हसत बसले होते.

दुसऱ्या दिवशी तिचा मला फोन आला. "आक्का, त्यो फोन माज्या हातात आला पायजे. न्हाईतर त्या खोल्यांना मी कुलूप घालते बगा."

"मग माग की आबांकडे."

"मी कशी मागू? तुमी लेक हाय, तुमी इचारा."

मी विचारलं. आबा मिशीत हसले आणि म्हणाले, "देतो की. तिला इंग्रजी येऊ दे, लगीच देतो."

ज्याला स्वतःला एकच शब्द येतो तो माणूस दुसऱ्याला इंग्रजीची अट घालतो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रागाच्या भरात मी म्हणून बसले, की ठीक आहे, मी शिकवते. आमच्या घरात रागाच्या भरात जे बोललं जातं ते पुढे निभवावं लागतं. मी दर बुधवारी स्कूटर काढून दुधिवरे खिंडीतून पेठेला जायला लागले. शनिवार-रविवारी जाण्यात अर्थ नव्हता. त्या दिवशी लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांपुढे पर्यटकांच्या गाड्या अशा अडकलेल्या असतात की आम्हा गावच्या माणसांना दूध आणायलाही मुहूर्त बघावा लागतो.

बुधवारची आमची शाळा अशी भरायची. आबा सोप्यात, म्हणजे पुढच्या दालनात, खुर्चीवर. भावजय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत, डोक्यावर पदर, समोर निवडायला काहीतरी. आणि मध्ये मी. आबांना शिकायचं नव्हतं, पण उठायचंही नव्हतं. "मी कुटं मधी बोलतोय? तुमचं चालू द्या," म्हणायचे आणि प्रत्येक वाक्याला मान वर करून बघायचे.

सुरुवातीलाच मी त्यांच्या कपाकडे बोट दाखवून म्हटलं, "धिस टी इज फॉर हिम. हा चहा त्यांच्यासाठी आहे."

आबांनी कप खाली ठेवला. "हिम म्हंजे कोन?"

"तुम्ही."

"आन् चहा त्या कुत्र्याला दिला तर?"

"तरी हिमच."

"म्हंजे मी आन् कुत्रं येकच?"

मी समजावलं, की आबा, इंग्रजीत अहो-जाहो नसतं, सगळे सारखेच. 'ही' म्हणजे तो, काम करणारा, वाक्यात पुढे बसतो. 'हिम' म्हणजे त्याला, मागे असतो, त्याला कुणीतरी काहीतरी देतं. ('ही' म्हटलं की आपल्यात बाईमाणूस होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, नशीब माझं.) आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि उंबऱ्याकडे न बघता, भिंतीला सांगावं तसं सांगितलं, "मला 'ही' म्हनायचं. हिम-बिम न्हाई."

झालं. पुढच्या बुधवारी भावजय म्हणाली, "धिस टी इज फॉर ही."

"हिम! फॉर हिम!"

"आक्का, तुमीच सांगितलं न्हव का, 'ही' म्होरं बसतो आन् 'हिम' मागं. मग आबांना मागं कसं बसवू?"

मी डोक्याला हात लावला. दोन-अडीच महिने हेच. कुत्र्यासाठी ती 'फॉर हिम' अगदी बिनचूक म्हणायची. शेजारच्या पोराला हिम, बैलाला हिम, वीजबिलवाल्याला हिम. आबांना मात्र ही. टू ही, विथ ही, फ्रॉम ही. माझ्या भावाचं तिच्या मर्जीवर होतं. बिचारा वेळेवर घरी आला तर ही, नाही आला तर हिम. माझ्या डोळ्यांदेखत तिने इंग्रजीला मानपान शिकवला आणि मला इंग्रजीतलं एक सर्वनाम तिला शिकवता येईना.

स्वतःच्या बाबतीत तर आणखी वेगळी तऱ्हा. 'आय' हा शब्द ती तोंडातच घेईना. का, तर तो एवढा मोठा, ताठ उभा, आणि वाक्याच्या सगळ्यांत पुढे. "सगळ्यांच्या म्होरं मी कशी जाऊ?" इंग्रजीतलं 'मी' आपल्या मीसारखंच ऐकू येतं, म्हणून ते तिने उचललं आणि कुठेही ठेवलं. मी इज कुकिंग. मी इज गोइंग टू पवनानगर. मी ओरडायची, ती "व्हय, व्हय, चुकलं," म्हणायची आणि मटार सोलत राहायची. मटार मात्र एकही वाया जायचा नाही.

मला चीड याची नव्हती की तिला येत नव्हतं. चीड याची होती, की तिला येत होतं. एकदा बुधवार हुकला म्हणून मी गुरुवारी गेले, तेव्हा आबा शिरगावला साईबाबांच्या दर्शनाला गेले होते. त्या दिवशी ही बाई उंबरा ओलांडून सोप्यात आली, आबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली आणि घडाघडा बोलली. गरम पाणी कधी मिळेल, लाइट गेली तर काय, किल्ल्यावर कुठल्या वाटेने जायचं, तळ्यात का उतरायचं नाही. व्याकरण लंगडं होतं, पण एकही पाहुणा अडला नसता. मी खूश होऊन काहीतरी विचारत होते, आणि अंगणातून आबांचं खाकरणं ऐकू आलं.

आमच्याकडे सासरा घरात येताना खाकरतो. सुनेला पदर घ्यायला, उठायला वेळ मिळावा म्हणून. सासरा स्वयंपाकघरात तर पाऊलच टाकत नाही. पाणी हवं असलं तरी बाहेरून खाकरणार, तांब्या उंबऱ्यावर येणार. हातातून हातात काही द्यायचं-घ्यायचं नाही. मला यात लहानपणापासून काही वावगं वाटलं नव्हतं. पण त्या दिवशी ते खाकरणं झालं आणि तिचं इंग्रजी वाक्य मध्येच तुटलं. क्रियापद आलंच नाही. ती उठून आत गेली आणि मी एकटीच सोप्यात बसून राहिले.

पुढे भावाने कुणाच्या तरी ओळखीने एका बुकिंगवाल्या कंपनीशी बोलणं लावलं. देशभरातून, परदेशातून लोक येणार, खोल्या मोबाईलवरून बुक होणार. अट एकच, की पाहुण्यांशी बोलणाऱ्या घरच्या माणसाला इंग्रजी यायला हवं. कंपनीची मुलगी फोन करणार, बोलून बघणार, आणि जो बोलेल त्याचा नंबर पाहुण्यांना देणार. आबा म्हणाले, "आता बगू की. तिचा लागला तर तिचा." मला वाटलं, चला, एकदाची संधी आली. मी आदल्या दिवशीच पेठेला मुक्कामाला गेले आणि तिच्याकडून सगळं घोटून घेतलं.

फोन आला. भावजय सोप्यात आली, फोन स्टुलावर ठेवून स्पीकर लावला. आणि आबा आपल्या खुर्चीत बसून राहिले. मी डोळ्यांनी खुणावलं, त्यांनी बघितलं नाही. मुलीचा आवाज गोड होता, सावकाश बोलत होती. नाव विचारलं, ते हिने सांगितलं. गाव सांगितलं. मग मुलीने सरळ विचारलं, की पाहुण्यांना काही अडचण आली तर त्यांनी कुणाशी बोलायचं?

हेच तर आम्ही घोटलं होतं. 'प्लीज टॉक टू मी.' चार शब्द. भावजयीने एकदा आबांच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "आस्क टू ही. मी ओन्ली किचन."

मला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. व्याकरणही गेलं आणि फोनही गेला. पलीकडची मुलगी म्हणाली, ओके, मग सरच होस्ट, उद्या सरांनी व्हिडिओवर घर दाखवावं. आबांना त्यातलं फक्त 'सर' कळलं. ते म्हणाले, "येस."

फोन बंद झाल्यावर मी आधी आबांवर घसरले. "तुम्हाला तिथून उठायला काय झालं होतं?"

"मी काय केलं? मी तर तोंड बी उघडलं न्हाई."

ते खरंच होतं, आणि त्यामुळेच मला काय बोलावं कळेना. माणूस नुसता बसलेला. त्याला काय म्हणणार? मग मी आत जाऊन भावजयीवर घसरले. "अगं, एवढे दिवस घसा फोडला मी. खिंडीतून ये-जा करून कंबर मोडली. तुला फोन हवा होता ना? मग हवा असं म्हणायला काय झालं?"

ती पीठ मळत होती. "ते समोर बसल्यालं. त्यांच्या म्होरं मी मी-मी कशी करू, आक्का?" मी आणखी बोलणार होते, पण तिने परातीत मान खाली घातली आणि पीठ इतकं जोरात मळलं की परात सरकत भिंतीला लागली. भाकरी त्या दिवशी कडक झाल्या.

दुसऱ्या दिवशी आबा धुतलेली टोपी घालून तयार. ठरल्या वेळेला व्हिडिओ सुरू झाला. आबांनी फोन असा धरला की त्या मुलीला आधी त्यांची हनुवटी दिसली, मग नाकपुड्या, मग पत्र्याचं छप्पर. "सर, अदर कॅमेरा प्लीज," ती म्हणत होती. "येस," आबा म्हणत होते आणि हनुवटी दाखवत होते. शेवटी मीच बटण दाबून दिलं आणि मागे हात बांधून त्यांच्याबरोबर चालले, कारण हात मोकळे ठेवले असते तर मी तो फोन हिसकावला असता. खोल्या झाल्या, बाथरूम झालं, पाण्याची टाकी झाली. मुलीने विचारलं, किती माणसं राहू शकतात, दहा? आबा म्हणाले, येस. चोवीस तास गरम पाणी? येस. वायफाय? येस. मी मागून "नो" म्हटलं तर आबांनी मला डोळे वटारले.

मग ती म्हणाली, "किचन प्लीज, सर."

आबा चालत स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि थांबले. सवयीप्रमाणे खाकरले. आत बांगड्या वाजल्या, पदर सरकला. आबा उंबऱ्याशी उभे, फोन हातात, आणि पलीकडून मुलगी परत परत म्हणतेय, "किचन, सर? किचन?" आबांनी माझ्याकडे बघितलं. मला खरं तर पुढे होऊन फोन घेता आला असता. मी घेतला नाही. माझे हात मी मागे आणखी घट्ट धरले. मग आबा वाकले आणि त्यांनी फोन उंबऱ्यावर ठेवला.

भावजयीने तो उचलला आणि आत वळली. आता तिची पाठ आम्हाला, आणि आबा भिंतीच्या अलीकडे. आतून आवाज आला तो गुरुवारचा आवाज होता. "धिस इज गॅस. धिस इज चूल, फॉर भाकरी. व्हेज पॉट सेपरेट, चिकन पॉट सेपरेट." मुलगी काहीतरी विचारत होती, भावजय ताडताड उत्तर देत होती. "नो, नो. नॉट टेन. सिक्स पीपल. मोर पीपल, नो प्लेस. नो वायफाय. लाइट गो, देन हॉट वॉटर इन बकेट. मी गिव्ह." तिला एकदाही अडखळायला झालं नाही. मी दाराशी कान देऊन उभी होते.

"काय चाललंय आत?" आबांनी विचारलं.

"खोल्यांत किती माणसं मावतात ते सांगतेय."

मग मुलीने कालचाच प्रश्न पुन्हा विचारला. म्हणाली, मॅम, मला जरा गोंधळ होतोय. पाहुण्यांनी सरांना फोन करायचा की तुम्हाला?

आत हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नॉट टू ही," भावजय म्हणाली. "टू मी. ही इज गुड मॅन. बट ही सेज येस टू एव्हरीबडी."

मुलगी हसली, म्हणाली, ओके मॅम, तुमचा नंबर सांगा. आणि हिने स्वतःचा नंबर इंग्रजीत, एकेक आकडा सुटा करून सांगितला.

"काय म्हनली?" आबा माझ्याकडे बघत होते. "माझं नाव आलं का त्यात?"

खोटं बोलायला जागा होती. आबांना काही कळलं नसतं, घरात शांतता राहिली असती. पण इतकी वर्षं मी भाषांतराचे मार्क कापले होते. "म्हणाली, सरांना फोन करू नका, मला करा," मी सांगितलं. "म्हणाली, आमचे आबा चांगले आहेत, पण ते सगळ्यांनाच येस म्हणतात."

आबांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं आता आवाज चढणार, आणि मी तयारीत उभी राहिले. माझ्याकडेही बोलायला भरपूर साठलेलं होतं. पण ते हळूच म्हणाले, "मग दारात आल्याल्या मानसाला काय न्हाई म्हनायचं? आमाला कुनी शिकवलंच न्हाई तसं."

ते जाऊन खुर्चीत बसले. आत फोन संपला होता आणि पाण्याचा नळ उगाचच चालू होता. ती बाहेर येणार नाही हे मला माहीत होतं, आणि आबा आत जाणार नाहीत हेही.

थोड्या वेळाने आबा उठले. खुर्चीमागच्या बोर्डातून त्यांनी फोनचा चार्जर ओढून काढला, वायर हातावर नीट गुंडाळली आणि दाराशी जाऊन तो उंबऱ्यावर ठेवला.

"ह्यो बी तिकडंच असू दे, सूनबाई," ते आत न बघता म्हणाले. "कोन किती मानसं घिऊन येतंय त्ये मला आदल्या दिशी तेवढं सांगत जा. ओट्यावर बसायला मी हाय."